कृत्रिम साखळी आणि वाढीचं संप्रेरक

सस्तन प्राण्यांच्या शरीरात वाढीचं संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवतं. सलग नव्हे, तर लाटालाटांनी. मेंदूकडून येणारं एक रसायन हा स्राव वाढवतं, तर सोमॅटोस्टॅटिन नावाचं दुसरं रसायन तो रोखतं.

अमेरिकेतल्या ट्युलेन विद्यापीठात सिरिल बॉवर्स आणि त्यांचे सहकारी एन्केफॅलिन या नैसर्गिक पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या, रचनेत फेरफार करत होते. त्यातूनच अवघ्या सहा अमिनो आम्लांची एक कृत्रिम साखळी तयार झाली: जीएचआरपी-६. ती टोचल्यावर उंदरांच्या रक्तात वाढीचं संप्रेरक झपाट्यानं वाढतं, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. मेंदूच्या नैसर्गिक उत्तेजकासोबत ती दिली, तर परिणाम दोघांच्या बेरजेहूनही मोठा दिसतो. म्हणजेच तिचा मार्ग वेगळा होता.

मग प्रश्न उरला: या कृत्रिम किल्लीचं कुलूप शरीरात आहे, तर निसर्गाची स्वतःची किल्ली कुठे? हे कुलूप म्हणजे तिचा ग्राहक रेणू; तो १९९६ मध्ये सापडला. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी उंदराच्या जठरातून ती किल्ली शोधली. तिचं नाव घ्रेलिन. ती भूकही जागवते.

प्रयोगशाळेतल्या रेणूनं शरीराचं गुपित उलगडावं, ही विज्ञानातली फार मोलाची घटना. पण अशी पेप्टाइड्स खेळाडूंना निषिद्ध आहेत. झटपट शरीर कमावण्यासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याविना, ती कुणीही टोचून घेऊ नयेत.