साहित्याची निवड

(हीरक महोत्सवी वर्षात चेन्नईस्थित माजी विद्यार्थ्यांच्या अड्यार येथील स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



कोल्हापुरापासून इतक्या दूर, समुद्राच्या अगदी काठावर, आपल्या शाळेच्या नावाने इतकी माणसे एकत्र येतात, हे पाहून मन भरून आले. संयोजकांनी मला विषय दिला, ‘अभियांत्रिकी रचनेत साहित्याची निवड’. तुमच्यापैकी बहुतेकजण अभियंते आहेत आणि मी मराठीची एम. ए., तेव्हा विषय ऐकून प्रथम हसू आले. मग ध्यानात आले की विषयाचा अर्धा भाग माझाच आहे. ज्ञानेश्वरीला आपण साहित्य म्हणतो आणि गवंड्याच्या विटा-चुन्यालाही साहित्यच म्हणतो. दोन्हींच्या मुळाशी ‘सहित’ हा शब्द आहे; जे परस्परांसह नांदते ते साहित्य. अभियंत्याला साहित्य निवडताना नेमके हेच पाहावे लागते. एखादा पदार्थ एकटा किती गुणी आहे एवढे पाहून भागत नाही. तो कोणासह, कोठे आणि कोणाच्या हाती नांदणार आहे, हे विचारावे लागते.

शालेय परीक्षेत मात्र आपण विचारतो, ‘लाकूड आणि पोलाद यांपैकी अधिक मजबूत काय?’ मुले ‘पोलाद’ लिहितात व गुण मिळवतात. उत्तर बरोबर आहे, प्रश्न अपुरा आहे. पाण्याच्या कावडीचा बांबू काढून तितक्याच ताठ पोलादी सळईची कावड केली, तर पाणी भरण्याआधीच खांदा दुखू लागेल. कारण वाकू पाहणाऱ्या दांड्याच्या बाबतीत ठरावीक ताठरपणा कमीत कमी वजनात हवा असेल, तर लाकूड पोलादाला आणि ॲल्युमिनियमलाही मागे टाकते. केंब्रिजचे प्राध्यापक मायकेल ॲशबी यांनी अशा तुलनांचे नकाशेच तयार केले. एका अक्षावर घनता, दुसऱ्यावर ताठरपणा, आणि मध्ये धातू, लाकूड, रबर, मातीची भांडी यांची जणू बेटे. काम बदलले की नकाशावरील रेषेचा उतार बदलतो आणि कालचा विजेता मागे पडतो. हे तुम्ही महाविद्यालयात शिकला असालच. कावडीच्या रूपाने ते सातवीतही शिकवता येते, असे माझे मत आहे.

आज मला बोलायचे आहे ते पायाखालच्या साहित्याबद्दल. कोल्हापूरच्या माणसाने अड्यारला येऊन चपलांविषयी बोलावे यात काहीच विजोड नाही. येथून जवळच, सरदार पटेल रस्त्याच्या एका बाजूला आयआयटी आहे आणि दुसऱ्या बाजूला केंद्रीय चर्म संशोधन संस्था. ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. आंध्रातील शेतकरी कुटुंबातून आलेले डॉ. यलवर्ती नायुडम्मा तिचे दीर्घकाळ संचालक होते. कातडी कच्ची विकून टाकणाऱ्या देशाने तिचे पक्के चामडे करावे, वस्तू कराव्यात आणि त्याचा लाभ कारागिरापर्यंत पोहोचावा, हा त्यांचा ध्यास. १९८५ च्या ‘कनिष्क’ विमान दुर्घटनेत त्यांचा अंत झाला.

आता आपली कोल्हापुरी घ्या. म्हशीच्या जाड कातड्याचा तळ, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, शिलाई चामड्याच्याच वादीची, आणि परंपरागत जोडात लोखंडी खिळा एकही नाही. वेणी आणि शिलाईचे नाजूक काम बहुतांशी स्त्रियांच्या हातचे. वनस्पतींनी चामडे कमावायला आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी ते दिवसा-दोन दिवसांत होते. क्रोमचे चामडे उकळत्या पाण्यातही आकसत नाही, वनस्पतीचे त्याआधीच आकसून जाते. नुसता तक्ता पाहिला तर क्रोम जिंकते. पण कोल्हापुरीच्या तळाला उकळत्या पाण्यात कोण घालणार? तिथे हवा भरीव, घट्ट, आकार धरणारा आणि हळूहळू पावलाचा ठसा स्वीकारणारा तळ, आणि तो गुण वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात आहे. पावसाळ्यात हेच चामडे फुगते, बुरसते, म्हणून जुनी माणसे मृगापूर्वी जोड तेल लावून माळ्यावर ठेवीत. साहित्याची मर्यादा ओळखून वागणे हाही त्या निवडीचाच भाग होता.

तक्त्यात आणखी एक रकाना सहसा नसतो. कमावल्यानंतर उरलेले पाणी कोठे जाते? याच राज्यात, वेल्लोर परिसरातील चर्मोद्योगांच्या सांडपाण्याने पालार नदीचे खोरे नासले, विहिरी निकामी झाल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी दिलेला निकाल पर्यावरण कायद्यात मैलाचा दगड ठरला. पुढे समोरच्या याच संस्थेने पाण्याविना क्रोम वापरण्याची पद्धती विकसित केली. हिरडा-बाभळीचे सांडपाणीही काही गंगाजल नव्हे, हे आपल्याकडील लोकांनी विसरू नये.

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारखे जोड मांडले आणि आरंभी आपल्या कारागिरांचा नामोल्लेखही केला नाही. आपल्याकडे संतापाची लाट उसळली, ती योग्यच होती. कोल्हापुरीला महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. पण मला विचाराल तर आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनी तरी त्या कारागिरांचे नाव कधी घेतले? पदार्थविज्ञानाचे इतके बारीक ज्ञान ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हातात सांभाळले, त्याच समाजाच्या मुलांना शाळेची दारे सर्वांत उशिरा उघडली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते याच पार्श्वभूमीवर.

आणि तरीही, एवढी गुणी चप्पल एका माणसाला घातक ठरू शकते. कुष्ठरोगाने ज्याच्या पावलाची संवेदना गेली आहे त्याला. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म तमिळनाडूतील कोल्ली डोंगरातला. १९४६ पासून त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केले. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात, असा सर्वांचा समज होता. रोगाने मज्जातंतू निकामी होतात, वेदना कळेनाशी होते आणि मग खडा, खिळा, चटका, रोजचा दाब हेच पावलाचा नाश करतात, हे डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले. आपल्याला चप्पल चावली की आपण लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो. ज्याला वेदना नाही तो त्याच जखमेवर मैलभर चालत राहतो. म्हणजे प्रश्न वैद्यकाचा होता तितकाच साहित्याचाही झाला. वेदनेचे काम पादत्राणाने करायचे होते!

त्याचे उत्तर म्हणून सूक्ष्मछिद्री रबर वापरात आले. शोअर मापावर त्याची कठीणता साधारण १५. नेहमीच्या रबरी चपलेहून ते पुष्कळ मऊ. मऊपणामुळे पाऊल त्यात किंचित रुतते, भार अधिक क्षेत्रावर पसरतो आणि हाडाच्या टोकाखालचा दाब उतरतो. पण एवढ्या मऊ रबरातून काटा आरपार जाईल, म्हणून खाली कठीण रबराचा तळ. खिळा वर्ज्य, कारण आत घुसलेला खिळा त्या माणसाला कळणारच नाही. मागे टाचेला पट्टा, कारण बधिर, दुर्बल बोटांना अंगठा पकडून ठेवता येत नाही. आपल्या कोल्हापुरीचा कडक तळ आणि अंगठा, हे दोन्ही येथे दोष ठरले. बिनखिळ्याची शिलाई मात्र दोन्हीकडे शहाणपणाची.

याची पुढची हकिकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ते रबर काळे असे. काळ्या जाड तळाची, मागे पट्ट्याची चप्पल दिसली की गावाला कळे, हा कुष्ठरोगी. म्हणून अनेकजण ती घालीत नसत. घरी ठेवून देत आणि अनवाणी जात. कठीणता, घनता, झीज, सारे हिशेब चोख असूनही वस्तू कोपऱ्यात पडून राहिली. पुढे रंगीत आणि नेहमीच्या चपलांसारखे दिसणारे जोड करावे लागले. बाबा आमटे यांच्या आनंदवनाच्या महाराष्ट्रातून आलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. रंग हाही साहित्याचा गुणधर्म आहे आणि त्याचे एकक प्रयोगशाळेत सापडत नाही.

रस्त्याच्या पलीकडे, आयआयटीतील पुनर्वसन संशोधन केंद्राने २०२२ मध्ये ‘कदम’ नावाचा कृत्रिम गुडघा सादर केला. मराठी कानाला हे नाव घरचेच वाटते. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. भार पेलायला उच्च ताकदीचे स्टेनलेस स्टील, वजन घटवायला ॲल्युमिनियमचे मिश्रधातू, सांध्याच्या पिना कठीण क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या आणि त्यांभोवती कमी घर्षणाची बहुवारिक बुशे. एका गुडघ्यात चार प्रकारचे साहित्य, प्रत्येकाला नेमून दिलेले एकच काम! तो १६० अंशांपर्यंत वाकतो, त्यामुळे बस-रिक्षाच्या अरुंद जागेत पाय दुमडून बसता येते. मांडी, उकिडवे बसणे, गर्दीतला प्रवास, हे आपले जगणे आराखड्यात आधी मांडावे लागते, साहित्य त्यानंतर.

आता तुमच्याकडे मागणे आहे. हीरक महोत्सवासाठी तुम्ही दिलेल्या देणग्यांतून शाळेच्या जुन्या इमारतीचे छप्पर बदलायचे आहे. दरपत्रकांत सर्वांत स्वस्त आहे तो पत्रा, आणि कामही एका सुट्टीत उरकते. समितीतील काही सदस्यांचा कल तिकडे आहे; पैसा लोकांचा आहे, तेव्हा त्यांची काळजी रास्त आहे. कौलांना दरवर्षी शाकारणी लागते, वानरे ती फोडतात, शाकारणारे हात कमी झाले आहेत आणि कौलांचे कारखानेही एकेक बंद पडत आहेत. तरीही मी वर्गांवर कौलांच्या बाजूने मत दिले आहे. कौल फुटले तर एक कौल बदलते. त्याखालची हवा उन्हाळ्यात सोसवते. आणि मुख्य म्हणजे कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर पडू लागला की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही जात नाही. वर्ग हा ऐकण्यासाठी बांधतात. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे ऐकू येत नाही ते छप्पर किती वर्षे टिकते याला काय अर्थ? सायकलींच्या शेडला पत्रा खुशाल घाला, सायकलींना ऐकायचे नसते.

सिमेंट काँक्रीटचा स्लॅब किंवा ध्वनिरोधक थराचा पत्रा यांविषयी तुमच्यातील जाणकारांनी अवश्य लिहावे. लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात, एवढीच विनंती. वीस वर्षांनी दुरुस्ती कोण करील, सुटा भाग कोठे मिळेल, आणि पावसात आतला आवाज किती असेल. आराखडा व दरपत्रके शाळेच्या कार्यालयात ठेवली आहेत. दिवाळीत गावी येणारच आहात. पण शक्य झाले तर जुलैत या. पाऊस कोसळत असताना मागच्या पत्र्याच्या शेडखाली उभे राहून पाचवीच्या एखाद्या मुलाला त्याचे नाव विचारा आणि ते ऐकू आले तर समितीला तसे कळवा.