रेचक : केव्हा आणि किती?

पोट साफ झाले नाही की अनेक घरांत आजही प्रथम एरंडेलाची बाटली काढली जाते. परंतु रेचक हा पहिला उपाय नव्हे. न चाळलेल्या पिठाची पोळी, पालेभाज्या, फळे, पुरेसे पाणी आणि नित्य चालणे यांनी बहुतेकांचे काम भागते. न भागल्यास ईसबगोल घ्यावे. मात्र पेलाभर पाण्यासोबतच, अन्यथा ते घशात अडकू शकते. सोनामुखी आठवड्याहून अधिक काळ वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. गर्भवतींनी एरंडेल टाळावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पोटात तीव्र कळा व उलट्या असतील, तर रेचक मुळीच देऊ नये. आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स, सुजलेले असल्यास ते फुटण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.