दोरी, चेंडू आणि शाळा

(औंढा नागनाथ येथे शिक्षक व पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



नरसीच्या नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते याच औंढ्यात, नागनाथाच्या मंदिरात, अशी परंपरा आहे. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले होते. नामदेवांनी हरकत घेतली, तेव्हा वृद्ध गुरूंनी एवढेच सांगितले, की जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलीत गेले आणि काय उमगायचे ते उमगले. त्या प्रसंगात पाटी नाही, पुस्तक नाही, चार भिंतीही नाहीत. शिष्याला आधी काहीतरी करायला लावले आणि ज्ञान त्या करण्यातून आले. ज्या गावाला ही कथा ठाऊक आहे, त्या गावात वर्गाबाहेरच्या शिक्षणाची महती निराळी सांगण्याची आवश्यकता नाही. प्रश्न एवढाच आहे, की आजच्या मुलाला वर्गाबाहेर काय करायला लावायचे. आजचे उत्तर एका चेंडूचे आहे, तेही पायाने खेळण्याच्या.

फुटबॉलचे नाव निघाले, की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला पालकांचा : खेळून पोट भरते का? दुसरा आपल्याच काही कार्यकर्त्यांचा : आपले कबड्डी-खोखो सोडून हा परका खेळ कशासाठी?

दुसऱ्या आक्षेपाचा परामर्श आधी घेऊ, कारण तो लवकर संपतो. कबड्डी, खोखो सोडा असे कोणीही म्हणत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले, त्याचा अभिमान आहेच. परंतु फुटबॉलही आता परका राहिलेला नाही. १८७७ च्या सुमारास कोलकात्यात हेअर शाळेत शिकणाऱ्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या लहान मुलाने गोऱ्या सैनिकांचा बाहेर आलेला चेंडू लाथेने परत पाठविला आणि दुसऱ्या दिवशी वर्गमित्रांकडून वर्गणी गोळा करून चेंडू विकत आणला. आणला तो रग्बीचा निघाला, असे सांगतात! मग स्टॅक नावाच्या एका प्राध्यापकाने मुलांना खरा फुटबॉल आणि त्याचे नियम दिले. भारतीय फुटबॉलचा आरंभ असा शाळकरी मुलांच्या वर्गणीतून झाला. पुढे २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. ढाल जिंकली. त्या ११ जणांपैकी एकाच्याच पायात बूट होते, बाकी १० अनवाणी. वंगभंगाच्या काळात तापलेल्या त्या देशाला आपल्या पायांतल्या बळाची जाणीव या विजयाने किती झाली, हे निराळे सांगावयास नको.

स्वामी विवेकानंदांचे वचनही या संदर्भात वारंवार सांगितले जाते. गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, अशा आशयाचे ते विधान त्यांनी १८९७ साली मद्रासच्या व्याख्यानात केले होते. मात्र वक्ते बहुधा तिथेच थांबतात. स्वामीजी थांबले नव्हते. दंडात बळ आले म्हणजे गीताही अधिक चांगली समजेल, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणजे पुस्तक मिटून मैदानावर जा, असा तो उपदेश नव्हता. मैदानावरून पुस्तकाकडे अधिक सामर्थ्याने परत या, असा होता. या उत्तरार्धाचा शाळेने विचार करावयास हवा.

आता पालकांचा आक्षेप. तो खरा आहे आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. ज्या घरात दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागायचे असते, जिथे हळद काढण्याच्या आणि शिजविण्याच्या दिवसांत घरातले एकेक माणूस मोलाचे असते, त्या घरातली आई मुलाच्या खेळण्याकडे कौतुकाने कशी पाहील? तिला हवी असते हमी. ती फुटबॉल देऊ शकत नाही. या जिल्ह्यातून हजारात एखादाही व्यावसायिक खेळाडू होईल, असे सांगणारा माणूस फसवीत असतो. खेळ ज्याची शक्यता निर्माण करू शकतो ते निराळे आहे. मूल शाळेत येत राहते आणि शाळेत जे शिकविले जाते त्याचा त्याला उपयोग दिसू लागतो.

याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिली. त्यांनी त्यांना चेंडू दिला. जोवर ही मुले मैदानावर असतात तोवर ती व्यसनांपासून दूर असतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. २०१६ साली तिला जागतिक फुटबॉल महासंघाचा वैविध्य पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये आलेल्या 'झुंड' या चित्रपटामुळे ती घरोघरी पोहोचली. दुसरे उदाहरण मुंबईचे. कुलाब्याच्या आंबेडकर नगर वस्तीत अशोक राठोड या तरुणाने २००६ साली 'ऑस्कर' ही संस्था सुरू केली. बरोबरची मुले शाळा सोडून ससून गोदीत कामाला लागताना त्याने पाहिली होती. त्याने मुलांना फुटबॉल दिला आणि एकच अट घातली : शाळा चुकली, तर खेळ नाही.

या अटीतले शहाणपण बारकाईने पाहण्यासारखे आहे. अट हजेरीची आहे, गुणांची नव्हे. शाळेत येणे मुलाच्या हातात असते, पहिला क्रमांक नसतो. आपल्याकडे नेमके उलटे होते. गणितात नापास झाला की खेळाचा तास बंद. जो मुलगा केवळ त्या एका तासाच्या ओढीने शाळेत येत होता, त्याचा शेवटचा धागाही आपणच कापतो आणि मग गळतीचे कोष्टक भरीत बसतो.

परंतु चेंडूच्या आमिषाने मूल शाळेच्या फाटकापर्यंत येईल, पुढे काय? खेळ हेच शिक्षणाचे साधन कसे होईल? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये क्रीडा-एकात्मिक अध्ययनाचा स्पष्ट उल्लेख आहे. शब्द जड आहे. शाळेच्या पटांगणात तो कसा उतरतो, ते पाहू.

मैदान आखण्यापासूनच आरंभ करावा आणि ते मुलांनाच आखू द्यावे. सुतळी, खुंट्या आणि फक्की एवढे साहित्य पुरे. मैदानाचा कोपरा काटकोनात कसा आणायचा? कंपासपेटीतला गुण्या तिथे उपयोगाचा नाही. एका बाजूवर ३ हात, दुसऱ्या बाजूवर ४ हात मोजून खुणा करायच्या आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ हात येईपर्यंत दोरी सरकवायची. कोपरा आपोआप काटकोनात येतो. यज्ञवेदी रचताना आपले पूर्वज दोरीनेच भूमिती करीत. शुल्ब म्हणजे दोरी, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा सिद्धांत सांगून ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८ अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत. शाळेच्या पुस्तकात हा सिद्धांत पायथागोरसच्या नावाने भेटतो आणि पाठ करून विसरला जातो. ज्याने तो सुतळी ओढून पाहिला, त्याला तो विसरता येत नाही. मधले वर्तुळ काढायचे तर एका खुंटीला ९.१५ मीटरची दोरी बांधून फेरी मारायची. त्रिज्या म्हणजे काय, याची व्याख्या मग पाठ करावी लागत नाही.

गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. भागून पाहा, गुणोत्तर बरोबर ३:१ येते. पेनल्टीची खूण ११ मीटरवर. तिथून पाहिले तर दोन खांबांमधला कोन सुमारे ३७ अंशांचा दिसतो आणि साडेसोळा मीटरवरून पाहिले तर २५ अंशांचा. म्हणजे मारणारा जसजसा दूर, तसतशी त्याची संधी अरुंद. गोलरक्षक पुढे धावून का येतो, याचे उत्तर याच कोनात आहे, आणि सातवीचा विद्यार्थी कागदावर हे कोन कोनमापकाने काढू शकतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ११ मीटर जायला किती वेळ लागतो? सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ०.४४ सेकंद. पापणी लवते न लवते तोच! वेग, अंतर, वेळ यांचे जे उदाहरण आगगाडीच्या निमित्ताने कंटाळवाणे होते, ते इथे मुले आपण होऊन सोडवितात.

आणि प्रत्यक्ष चेंडू? काळ्या-पांढऱ्या पारंपरिक चेंडूवर १२ पंचकोन आणि २० षटकोन असतात. मोजले तर ६० शिरोबिंदू, ९० कडा आणि ३२ पृष्ठे. ६० मधून ९० वजा करून ३२ मिळवा, उत्तर २. घनाचे तसेच करून पाहा : ८ शिरोबिंदू, १२ कडा, ६ पृष्ठे, उत्तर पुन्हा २. ऑयलरने मांडलेला हा नियम चौकोनी डब्यालाही लागू आणि फुटबॉललाही. कार्बनचे ६० अणू नेमक्या याच आकृतीत जोडलेला रेणू १९८५ साली शास्त्रज्ञांना सापडला आणि १९९६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आठवीच्या मुलांना हे सांगून त्यांच्या हाती चेंडू द्यावा आणि कोणता अणू कुठे बसला असेल, ते दाखवायला सांगावे.

मराठीच्या शिक्षकांनी मागे राहण्याचे कारण नाही. सामन्याचे वृत्त लिहिणे हा उत्तम निबंध आहे, कारण त्यात खोटे चालत नाही; २२ साक्षीदार वर्गातच बसलेले असतात.

प्रशिक्षक कसा असावा, याचे उदाहरण शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, रहीम यांच्या संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. हे रहीम मुलांसाठी अशा स्पर्धा घेत, ज्यांत चेंडू एकट्याने घोळवीत नेण्यास मनाई असे. किंवा ज्या पायाचा सराव कमी, त्याच पायाने खेळावे लागे. पहिल्या नियमाने मूल सहकाऱ्याकडे पाहू लागते, दुसऱ्याने आपल्या उणिवेकडे. वर्गातला हुशार मुलगा सगळी उत्तरे एकटाच देतो आणि मागच्या बाकावरचा गप्प राहतो. त्या वर्गालाही या नियमांची गरज नाही काय?

२०१७ साली १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. तिच्या निमित्ताने १५ सप्टेंबर रोजी महाराष्ट्र शासनाने १० लाख विद्यार्थ्यांना एकाच दिवशी मैदानावर आणण्याचा उपक्रम केला. उत्साह मोठा होता, शाळांना चेंडूही मिळाले. पण एका दिवसाने सवय लागत नसते. चेंडूची हवा जाते, पंपाला सुई नसते, सुई असली तर कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते ठाऊक नसते. शाळेतल्या उपक्रमांचा अंत बहुधा तत्त्वाच्या मतभेदाने होत नाही, अशा एखाद्या सुईने होतो! ती किल्ली शिक्षकाकडे न ठेवता एखाद्या विद्यार्थिनीकडे द्यावी. विद्यार्थिनीकडे असे मुद्दाम म्हटले आहे, कारण मैदान मुलांचे आणि कडेला उभे राहणे मुलींचे, ही विभागणी अजून गेलेली नाही. सातवीनंतर मुलीच्या शिक्षणाचे काय होते, हे येथील शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. संघात जिचे नाव आहे, तिच्या लग्नाची घाई घरात सुरू झाली तर निदान १० मैत्रिणी आणि एक शिक्षिका विचारायला जातात.

हे सर्व आजच का करावयाचे, याला औंढ्यापुरते एक विशेष कारण आहे. याच तालुक्यात दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो' वेधशाळा उभी करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिचे स्वरूप काय? परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. शाळेच्या मैदानाचा कोपरा आखताना जो काटकोन सुतळीने काढला, तोच तिथे जगातल्या अतिसूक्ष्म मापनासाठी काढायचा आहे. देशोदेशीचे शास्त्रज्ञ औंढ्याला येतील. तेव्हा इथल्या मुलाने कुंपणाबाहेर चहाची टपरी टाकावी, की आत यंत्रापाशी उभे राहावे? चहा विकण्यात कमीपणा काहीच नाही. पण दुसरा पर्याय त्याच्यासमोर होता का, हे त्याच्या शाळेला विचारले जाईल.

यंदा निदान एक गोष्ट करता येईल. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, शाळेच्या संघांची नावे फळ्यावर लागावीत आणि सामन्यांचे वेळापत्रक थेट मार्चपर्यंतचे असावे. ज्या मुलांचे आईवडील कारखान्यावर जाणार आहेत, त्यांच्या घरी संघातल्या मुलांना घेऊनच शिक्षकांनी जावे. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर तिथे, नसेल तर आजी-आजोबांकडे, मूल मागे राहू शकते का, हे विचारावे. आजवर हा प्रश्न शाळा विचारीत आली आणि मूल गप्प बसत आले. या वेळी त्याला स्वतःला राहायचे असेल. जानेवारीत त्याचा सामना असेल.