तपासणीचा कागद कसा वाचावा?



औराद किंवा भालकी तालुक्यातील माणूस आजारी पडला म्हणजे तो कधी बिदरचा दवाखाना गाठतो, कधी उदगीरचा, तर कधी हैदराबादचा. आळंदकडील आजारी जसा कलबुर्गीस जातो, तसाच सोलापुरासही जातो. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. आजाऱ्याची वाट बदलली नाही. त्याच्याजवळ बोलण्यास मराठी, कन्नड व उर्दू अशा तीन भाषा असतात. परंतु रक्त तपासून हाती पडणारा कागद बहुधा चौथ्याच, म्हणजे इंग्रजी भाषेत असतो. त्यातील एखादा आकडा ठळक छापलेला दिसतो आणि घरात काळजी शिरते. म्हणून हा कागद वाचावा कसा, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

कागदावर आपल्या आकड्याशेजारी एक मर्यादा छापलेली असते. ती पुष्कळदा अशी ठरते : अनेक निरोगी माणसांची तपासणी करतात आणि त्यांतील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या दोन टोकांत बसतात, ती टोके म्हणजे मर्यादा. अर्थात, शंभर निरोगी माणसांतील पाच जण या मर्यादेबाहेर राहणारच. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याचा संभव शेकडा ६४ असतो. तेव्हा किंचित चुकलेला एक आकडा म्हणजे रोग नव्हे. शिवाय यंत्रे व पद्धती निरनिराळ्या असल्याने दोन गावच्या प्रयोगशाळांच्या मर्यादांतही थोडा फरक पडतो. आकडा त्याच कागदावरील मर्यादेशी ताडून पाहावा.

परंतु याच्या उलट चूकही घडते, आणि ती अधिक घातक असते. गरोदर सुनेचे हिमोग्लोबिन ८ आले, तर ‘आमच्याकडच्या बायकांचे रक्त एवढेच असते’, असे म्हणून कागद फडताळात ठेवला जातो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पण जे सर्रास आढळते ते निरोगी असतेच असे नाही. पुरुषास १३, स्त्रीस १२ आणि गरोदरपणी साधारण ११ ग्रॅम, ही मर्यादा निरोगी माणसांवरून ठरली आहे, शेजारणींवरून नव्हे. रक्त आधीच कमी असेल, तर बाळंतपणातील रक्तस्राव जिवावर बेततो. औषध वेळेवर सुरू झाले, तर हा धोका पुष्कळ टळतो.

साखरेची मर्यादा वेगळ्या रीतीने ठरली आहे. रक्तातील साखर किती वाढली म्हणजे डोळ्यांच्या पडद्यास इजा होऊ लागते, हे पाहून ती आखलेली आहे. आठ तास उपाशी राहून घेतलेल्या रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक साखर निघाली आणि काही लक्षणे नसली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून मगच मधुमेहाचे निदान करतात. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ नावाची तपासणी असते, तीत ६.५ टक्के ही मर्यादा आहे. मात्र लोहाच्या अभावाने रक्तक्षय झाला असल्यास हा आकडा खऱ्याहून अधिक दिसू शकतो. म्हणून रक्तक्षय असणारांनी दोन्ही कागद डॉक्टरांस एकत्र दाखवावेत.

तापात होणारी ‘विडाल’ तपासणी आपणांस परिचित आहे. फेर्नां विडाल या फ्रेंच वैद्यांनी ती १८९६ मध्ये प्रचारात आणली. ती विषमज्वराचे जंतू दाखवीत नाही. जंतूंशी लढण्यास शरीराने निर्माण केलेली द्रव्ये तेवढी दाखविते. ही द्रव्ये पूर्वीच्या आजारामुळे किंवा लसीमुळेही रक्तात असू शकतात, आणि तापाच्या पहिल्या आठवड्यात ती कधी कधी सापडतही नाहीत. जंतुनाशक औषध घेण्यापूर्वी रक्तातील जंतू वाढवून पाहणे, ही अधिक भरवशाची परीक्षा होय.

सारांश, आकडा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. निकाल देण्यास आजाऱ्याची हकिकत, त्याची शारीरिक तपासणी आणि मागचे कागद हवेत. म्हणून जुने कागद तारीखवार जपून ठेवावेत. डॉक्टरांस आपल्या भाषेत तीन गोष्टी विचाराव्यात : ही तपासणी कशासाठी केली? आकडा किती चुकला आहे? पुन्हा केव्हा तपासावे? केवळ कागद पाहून औषध सुरू करू नये, बंदही करू नये. आणि छातीत कळ आली, धाप लागली किंवा शुद्ध हरपू लागली, तर कागदाची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा.