कॅमेरा सुरू करण्याआधी

(कार्यकर्त्यांच्या चित्रीकरण शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मी काही फिल्मवाली नव्हे. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि वस्तीत काम करते. आमच्या गटाने आजवर चार छोटे माहितीपट केले, सगळे मोबाइलवर. त्यात जे चुकलं, त्यातून शिकलेलं तेवढं सांगते.

आधी थोडं मागे जाऊ. १९८० मध्ये बंगलोरला दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' हा गट सुरू केला. पुण्यातल्या घरकामगार बायांच्या संघटनेवर त्यांनी १९८१ मध्ये 'मोलकरीण' हा माहितीपट केला, तर १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर दुसरा. हे सगळं १६ मिलिमीटर फिल्मवर. ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपायचं आणि फिल्म धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. १९८४ मध्ये अहमदाबादच्या 'सेवा'च्या बायांनी व्हिडिओ कॅमेरा हाती घेतला. त्यातल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

आज आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात कॅमेरा आहे. रीळ संपत नाही, म्हणून आपण विचार न करता तो चालू ठेवतो. मग मोबाइल भरतो. साध्या एचडी चित्रीकरणाला मिनिटाला साधारण १०० एमबी, म्हणजे तासाला ६ जीबी जागा लागते. निघण्याआधी जागा मोकळी करा. घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत काढून ठेवा, आणि मगच मोबाइल रिकामा करा.

सगळ्यात जास्त पैसे घालायचे ते आवाजावर. चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात. बोलणं कळलं नाही तर उठून जातात. मोबाइल चार हात लांब असेल, तर बाईच्या आवाजाआधी पंखा आणि शेजारचा कुकर ऐकू येतो. पदराला लावायचा वायरचा माइक घ्या. तोही नसेल, तर दुसरा मोबाइल तिच्याजवळ ठेवून त्यात आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. त्या टाळीवर चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. पंखा बंद करा. घरच्यांना विचारून नळही बंद करा. मोर्चात वारा असेल तर माइकवर स्पंज लावा. आणि मुलाखतीआधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐकाच.

प्रकाशासाठी दार पुरतं. बाईचं तोंड दाराकडे करा, पाठ नको. रात्री ट्यूबलाइटखाली कधी कधी चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची असते. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. विमान मोड लावायला विसरू नका. ऐन बोलण्यात फोन आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं, आणि बाईने धीर करून काढलेला शब्द पुन्हा तसाच निघत नाही.

आता मुख्य गोष्ट. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल एक ताई आमच्याशी बोलायला तयार झाली. अट एकच, ओळखू येता कामा नये. आम्ही तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं. छोट्या पडद्यावर चेहरा काळा दिसला. आम्ही निश्चिंत. दाखवण्याच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टर लावून पाहिलं, तर मोबाइलने आपणहून सावली उजळलेली! नाक-डोळे दिसत होते. भिंतीवर गल्लीतल्या दुकानाचं कॅलेंडर होतं, आणि आवाज तर तिचाच. आमची एक सहकारी म्हणाली, "वस्तीतलं पोरगंही सांगेल, ही कोण." ती मुलाखत आम्ही काढून टाकली. तिला भेटून चूक सांगितली. ती रागावली नाही, याचीच आम्हाला जास्त लाज वाटली.

तेव्हापासून आम्ही चेहरा चित्रात घेतच नाही. हात, पाय, निवडायचं धान्य घेतो. तिचं बोलणं तिच्या संमतीने दुसरीच्या आवाजात वाचतो. मोबाइलमधलं लोकेशन बंद ठेवतो, कारण फाइलमध्ये जागेची नोंद राहू शकते. पक्की फिल्म आधी तिला एकटीला दाखवतो, आणि ती 'नको' म्हणाली तर तो भाग जातो. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. पण कायदा नसेल तिथेही आपली जबाबदारी सुटत नाही.

मैत्रिणींनो, साधनं कमी आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. माइक उसना मिळेल, स्टँड विटा रचूनही होईल. पण आपल्यावर विसंबून बोललेली बाई उघडी पडली, तर ते कुठल्याही साधनाने भरून निघणार नाही. म्हणून बटण दाबण्याआधी एकदा तिला विचारा, 'हे कोणी कोणी पाहिलेलं तुला चालेल?' चित्रीकरण तिथून सुरू होतं.