‘मिस्’ म्हणजे काय?

मावळातल्या माणसाला गाडी चुकणे काही नवे नाही. १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली, १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. धापा टाकत लोणावळ्याच्या फलाटावर यावे आणि शेवटचा डबा दिसेनासा व्हावा, हे तेव्हापासूनचेच! इंग्रज अशा वेळी ‘आय मिस्ड द ट्रेन’ म्हणतो. आपली मुले लिहितात, ‘द ट्रेन मिस्ड’. का बरे? मराठीत चुकते ती गाडी; आपण नामानिराळे. इंग्रजीत कर्ता माणूस, गाडी हे कर्म. शिक्षकांनी नुसती तांबडी रेघ ओढू नये. फळ्यावर ‘मी वाट चुकलो’ हे वाक्य लिहावे. इथे मराठीतही माणूसच चुकतो. त्याच साच्यात गाडी बसवून दाखवली, की मुलाला रचना उमगते.

या क्रियापदाचा मूळ अर्थ नेम चुकणे. कैरीला दगड लागला नाही, ‘मिस्’. तास बुडाला, तोही ‘मिस्’. शाळेतल्या बाईंना म्हणतात ते ‘मिस्’ मात्र निराळे. ते ‘मिस्ट्रेस’चे लघुरूप.

आता खरी अडचण. मुंबईत डबे पोचवणारे किती तरी जण मूळचे आपल्या मावळ, मुळशी, खेडकडचे. तिथून एखाद्या नातवाने आजीला ‘आय मिस् यू’ लिहिले, तर काय समजायचे? ‘तुझी आठवण येते’ हे बरोबर, पण पुरते नव्हे. आठवण हसतानाही येते. ‘मिस्’मध्ये उणीव आहे, रिकामी जागा आहे. लेक सासरी गेली की आई म्हणते, ‘घरात कसं चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.’ हाच तो अर्थ! आणि पाहा, क्रियापदही तेच, ‘चुकणे’. हल्ली ‘मी तुला मिस् करतो’ सर्रास ऐकू येते. माझ्या कानाला ते खटकते. म्हणणाऱ्याची माया काही खोटी नसते.

एक मात्र जपा. ‘आय अॅम मिसिंग यू’ ठीक आहे. पण घाईत शेवटचा ‘यू’ राहिला, तर ‘मी बेपत्ता आहे’ असा अर्थ होतो, आणि गावात पत्र वाचून दाखवणारे गुरुजी आधी पोलीस पाटलाकडे धावतील.