खर्रा, भात आणि तळ्याची पाळ

रोवणी, निंदण, कापणी... भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात पूर्वी व्यायाम वेगळा करावा लागत नसे. आता ट्रॅक्टर, हार्वेस्टर आले; राबणं कमी झालं, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. भात सोडा असं मी म्हणणार नाही. धानाच्या जिल्ह्यात ते कोण ऐकणार? पण भाताचा एक वाढप कमी करून त्या जागी वरण, लाखोरीची भाजी, तळ्यातली मासोळी वाढा. मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमी. त्यात लोणचं-पापडही आलं. आठवड्याला निदान 150 मिनिटं झपझप चाला. मालगुजारी तळ्याच्या पाळीसारखी चालायला जागा शहरात कुठे मिळते!

खरा वैरी पानठेल्यावर आहे. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा होतो आणि तो गालात तासन्‌तास राहतो. तंबाखू वगळली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जाहीर केलंय. सुपारीनं गाल आतून ताठरतात, तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर आपली तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा पांढरा चट्टा दिसत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. खर्रा सोडायला मदत हवी असेल, तर फोन लावा: 1800-11-2356.